कावा आणि कहवा: नावात साम्य, पेय मात्र वेगळंच

"मामू, इथं कावा नावाचं पेय मिळतं. बारमध्ये मिळतं, पण दारू नाही म्हणे. पोरं सांगतात मन शांत होतं. हलाल आहे का?"

फ्लोरिडात शिकणाऱ्या भाच्याचा हा मेसेज आला तेव्हा आम्ही सगळे जेवून बसलो होतो. अम्मींनी ऐकलं आणि लगेच निकाल दिला, "अरे, कहवा म्हणत असेल. केसर-बदाम टाकून काश्मिरी लोक पितात तो. त्यात कसला आलाय हराम?" घरात कुणीतरी गनिमी काव्याची आठवण काढली आणि हसू झालं. पण "बारमध्ये मिळतं" हे शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. म्हटलं, उत्तर द्यायच्या आधी नीट माहिती घेऊ. आपल्यातल्या कितीतरी घरांतली मुलं आज अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला आहेत. हा प्रश्न एकट्या माझ्या भाच्याचा नाही.

पहिली गोष्ट, कावा आणि कहवा यांचा काडीचाही संबंध नाही. कहवा हा अरबी शब्द, कॉफीसाठीचा. कावा हा पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचा शब्द, तिथल्या भाषांत त्याचा एक अर्थ 'कडू' असाही होतो. फिजी, टोंगा, सामोआ, वानुआतू ही त्याची घरं. फिजीत त्याला यांगोना म्हणतात, हवाई बेटांवर अवा.

झाड मात्र आपल्या ओळखीच्या कुळातलं आहे. काळी मिरी, विड्याचं पान आणि कावा ही तिन्ही एकाच वंशातली, पायपर. काव्याचं शास्त्रीय नाव पायपर मेथिस्टिकम. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीत, म्हणजे 1772 ते 1775 मध्ये, गेओर्ग फोर्स्टर नावाचा तरुण निसर्गअभ्यासक जहाजावर होता. हे नाव त्यानं दिलं. मेथिस्टिकम म्हणजे नशा आणणारं. आज दुकानदार "यात नशा नाही" म्हणून जे विकतात, त्याच्या नावातच नशा लिहून ठेवलेली आहे. फोर्स्टरचं बरोबर की दुकानदाराचं, त्याकडे पुढे येऊच.

पेय बनतं मुळापासून. झुडूप तयार व्हायला साधारण तीन ते पाच वर्षं लागतात. मग मुळं उपटून, धुवून, वाळवून कुटतात. ती पूड कापडात बांधून थंड पाण्यात चोळायची, पिळायची, की मातकट रंगाचं पाणी तयार. उकळायचं नाही, आंबवायचं नाही. त्यामुळे पारंपरिक काव्यात अल्कोहोल नसतं, हे खरं आहे. चव? ज्यांनी प्यालंय ते सांगतात की चिखल आणि मिरी एकत्र ढवळल्यासारखी. घोट गेला की जीभ आणि ओठ बधिर होतात.

या झाडाला बी धरत नाही. फांदीचा तुकडा लावूनच ते वाढवावं लागतं. म्हणजे ज्या बेटावर कावा आहे, तिथे तो कुणीतरी होडीतून सोबत नेलेला आहे. अभ्यासकांच्या मते त्याची लागवड पहिल्यांदा वानुआतूत झाली आणि तिथून तो शेकडो मैल समुद्र ओलांडून बेटाबेटांवर गेला. चवीसाठी नक्कीच नाही. मग कशासाठी?

फिजीतल्या गावात गेलात तर पाहुण्यानं काव्याच्या मुळांची जुडी गावच्या प्रमुखापुढे ठेवायची असते. याला सेवुसेवु म्हणतात. ती स्वीकारली गेली की तुम्ही गावचे पाहुणे. चटईवर सगळे गोल बसतात, मध्ये तानोआ नावाचं लाकडी, पायांचं मोठं भांडं. नारळाच्या करवंटीतून, तिला बिलो म्हणतात, एकेकाला त्याच्या मानाच्या क्रमानं कावा दिला जातो. घेणारा टाळी वाजवतो, "बुला" म्हणतो, एका दमात पितो, पुन्हा टाळ्या. लग्न, मयत, दोन घरांतलं भांडण मिटवणं, सगळं या भांड्याभोवती. वानुआतूत रीत वेगळी. तिथे ओली मुळं वापरतात, पेय कडक असतं, आणि ते संध्याकाळी नाकामाल नावाच्या जागी घेतात. घेतलं की गप्पा हळू होतात, दिवे मंद ठेवतात, मोठ्यानं बोलणं वाईट समजतात. जुन्या काळी बऱ्याच ठिकाणी बायकांना यात जागा नव्हती, आजही काही बेटांवर नाही.

टोंगात एक जुनी कहाणी सांगतात. दुष्काळात राजा एका गरीब जोडप्याच्या बेटावर आला. घरात द्यायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी आपली आजारी मुलगीच त्याच्या मेजवानीसाठी मारली. राजाला कळलं तेव्हा त्यानं तिला तसंच दफन करायला सांगितलं. तिच्या कबरीवर डोक्याकडून कावा उगवला आणि पायाकडून ऊस. एका उंदरानं कावा कुरतडला, तो झोकांड्या खाऊ लागला, मग ऊस खाल्ला आणि सावरला. कहाणी अंगावर येणारी आहे, पण त्या लोकांनी काव्याकडे कसं पाहिलं ते त्यात दिसतं. झोकांडी जाते हे त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच एवढे नियम.

एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनरी आले तेव्हा अनेक बेटांवर त्यांनी काव्याला विरोध केला. ताहिती आणि हवाईत तो जवळजवळ संपला. फिजीत टिकला, आणि तिथेच तो आपल्या लोकांच्या हाती आला.

1879 ते 1916 या काळात साठ हजारांहून जास्त हिंदुस्थानी मजूर करारावर फिजीच्या उसाच्या मळ्यांत नेले गेले. 'ॲग्रीमेंट'चं त्यांनी 'गिरमिट' केलं आणि स्वतःला गिरमिटिया म्हणवलं. बहुतेक लोक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारचे आणि दक्षिणेचे. त्यांच्यात मुसलमानही होते. त्यांच्याच नातवंडा-पणतवंडांच्या मशिदी आणि शाळा आज फिजीत आहेत, फिजी मुस्लिम लीग ही संस्था 1926 पासून आहे. या लोकांनी शेजाऱ्यांकडून यांगोना घेतला. मानपानाचे विधी गळाले, संध्याकाळची बैठक राहिली. तिथले हिंदुस्थानी त्याला सरळ 'ग्रॉग' म्हणतात. दिवसभर ऊस तोडून आलेला माणूस बादलीभर ग्रॉग घोळून मित्रांबरोबर बसतो. मुसलमान घरांतही तो पोचला, काही घेतात आणि काही कटाक्षानं टाळतात. म्हणजे "हलाल आहे का" हा प्रश्न भाच्याच्या आधी शंभर वर्षं तिथे विचारला जातोय.

अंगात गेल्यावर काय होतं

काव्याच्या मुळात कावालॅक्टोन नावाची द्रव्यं असतात, त्यांतली सहा मुख्य. ती मेंदूत शिथिलता आणणाऱ्या यंत्रणेवर काम करतात. साधारण वीस-तीस मिनिटांत स्नायू सैल पडतात, घालमेल कमी होते, माणूस शांत होतो. थोड्या प्रमाणात बुद्धी बऱ्यापैकी जागेवर असते, दारूसारखा आरडाओरडा नसतो. जास्त घेतला की पाय लटपटतात, डोळे जड होतात, मळमळतं, झोप येते. अमेरिकेत कावा पिऊन गाडी चालवल्याबद्दल लोकांना पोलिसांनी पकडल्याची प्रकरणंही झाली आहेत. तेव्हा फोर्स्टर अगदी चुकीचा नव्हता.

रोज भरपूर पिणाऱ्यांची कातडी कोरडी पडून खवल्यांसारखी निघते. फिजीत याला कानी म्हणतात आणि ज्याला झालंय तो लांबूनही ओळखू येतो. पिणं थांबवलं की ती बरी होते.

यकृताचा म्हणजे लिव्हरचा मामला जास्त गंभीर आणि जास्त गुंतागुंतीचा आहे. 1990 च्या दशकात युरोपात काव्याच्या गोळ्या चिंतेवरचं औषध म्हणून खपत होत्या. मग लिव्हर खराब झाल्याच्या तक्रारी आल्या, काहींचे जीवही गेले. 2002 मध्ये जर्मनीनं त्या बंद केल्या, त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं इशारा दिला. ब्रिटननंही अन्नपदार्थ म्हणून विकायला मनाई केली. बेटांवरचे शेतकरी हवालदिल झाले. त्यांचं म्हणणं होतं, आमचे वाडवडील शेकडो वर्षं पीत आले, त्यांची लिव्हरं का नाही गेली? यात तथ्य होतं. गोळ्यांतला अर्क अल्कोहोल किंवा ॲसिटोनसारख्या द्रावकात काढलेला होता, बेटांवर फक्त पाणी. शिवाय तिथे फक्त मूळ वापरतात, खोड आणि साल फेकतात. 2014 मध्ये जर्मन न्यायालयानं ती बंदी रद्द ठरवली.

म्हणून आता कावा निर्दोष झाला असं नाही. वानुआतूनं 2002 मध्येच कायदा करून 'नोबल' म्हणजे रोज पिण्याजोग्या जाती वेगळ्या काढल्या. दुसऱ्या 'टुडेई' नावाच्या जाती आहेत, म्हणजे 'टू डे', ज्यांचा अंमल दोन दिवस उतरत नाही. पुडीकडे बघून ग्राहकाला त्या ओळखता येत नाहीत.

आणि मुळात तो चिंतेवर चालतो का? आधीच्या लहान अभ्यासांत थोडा फायदा दिसला होता. मग ऑस्ट्रेलियात 171 रुग्णांवर 16 आठवड्यांची चाचणी झाली, 2020 मध्ये निकाल छापून आला. सततच्या चिंतेच्या आजारावर कावा खोट्या गोळीपेक्षा सरस ठरला नाही. लिव्हरच्या तपासणीत बिघाड मात्र कावा घेणाऱ्यांत जास्त आढळला. ज्या मुलांना परीक्षेची, नोकरीची, व्हिसाची काळजी झोपू देत नाही, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

अमेरिकेत काय बदललं

या शतकाच्या सुरुवातीला फ्लोरिडात काव्याचे बार निघाले आणि तिथून देशभर पसरले. कारण समजण्यासारखं आहे. तिथे दारू पिणारे कमी होत आहेत. गॅलपच्या 2025 च्या पाहणीत 54 टक्के प्रौढांनीच आपण दारू घेतो असं सांगितलं, इतका कमी आकडा त्यांच्या पाहणीत आधी कधी आला नव्हता. दारू नको, पण रात्री मित्रांबरोबर बसायला जागा तर हवी. कावा बार रात्री उशिरापर्यंत उघडे, लॅपटॉप घेऊन बसलेली पोरं, करवंटीत पेय, तोंडात "बुला". आपल्या मुलांना तर हे फारच सोयीचं वाटतं. वर्गातले सगळे बारमध्ये चालले की बाजूला पडायचं ही तिथली रोजची अडचण. इथे निदान दारू नाही म्हणून सोबत जाता येतं. ही गरज खोटी नाही, तिला हसून उडवू नये.

पण बेटावरून शहरात येताना काव्याची संगत बदलली. बेटावर कोण देणार, कोण घेणार, कधी थांबायचं हे बसलेल्यांपैकी वडीलधारे ठरवत. बारमध्ये ते खिसा ठरवतो. असंच एकदा आधी घडलेलं आहे. 1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला आर्नहेम लँडच्या आदिवासी वस्त्यांत कावा आला. दारूपेक्षा बरा, या चांगल्या निय्यतीनं. तिथे त्याची परंपरा नव्हती, रीत नव्हती. काही वस्त्यांत लोक इतका पिऊ लागले की वजनं घटली, कातडी गेली, घरातले पैसे त्यात गेले, आणि शेवटी सरकारला निर्बंध आणावे लागले. ऑस्ट्रेलियानं पुढे 2007 मध्ये आयात आवळली आणि 2021 च्या डिसेंबरपासून व्यापारी आयात पुन्हा खुली केली. आर्नहेम लँडमधली कहाणी विसरली गेली असं मला वाटतं.

दुसरा बदल मालाचा. अमेरिकेत साध्या पुडीबरोबरच दाट अर्क, छोट्या बाटल्या, गोळ्या, कॅन सगळं मिळतं. काही अर्क अल्कोहोलमध्येच काढलेले असतात, बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: क्रॅटम. कितीतरी कावा बारमध्ये काव्याच्या शेजारी, कधी काव्यात मिसळून, क्रॅटम विकतात. हे दक्षिणपूर्व आशियातल्या एका झाडाचं पान. त्यातली द्रव्यं मेंदूत अफूच्याच जागेवर काम करतात आणि त्याची सवय लागते, सोडताना त्रास होतो. त्याच्यातल्या एका तीव्र द्रव्यावर अंकुश आणावा अशी शिफारस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं जुलै 2025 मध्ये केली.

क्रॅटमची एक गोष्ट आपण ऐकायलाच हवी. दक्षिण थायलंडच्या मुस्लिमबहुल भागात तरुणांमध्ये 'चार बाय शंभर' नावाचं पेय पसरलं. क्रॅटमच्या पानांचा काढा, कोला, खोकल्याचं औषध आणि वर आणखी काहीतरी. ते तिथे मुसलमान पोरांत का चाललं, याचं एक कारण अभ्यासकांनी नोंदवलंय: दारू हराम आहे, याला तर वास पण येत नाही. घरच्यांना वाटायचं पोरगं कोला पितंय.

मग हलाल की हराम?

मी मुफ्ती नाही आणि हा फतवा नव्हे. पण उलमा अशा प्रश्नाकडे कसं पाहतात ते समजून घ्यायला हरकत नाही. कसोटी अल्कोहोलची नाही, नशेची आहे. हदीसमधला नियम सगळ्यांना ठाऊक आहे: जे पेय जास्त घेतल्यावर नशा आणतं, ते थोडंही घ्यायचं नाही. दुसऱ्या एका रिवायतीत नशेबरोबरच अंग सुस्त, बधिर करणाऱ्या गोष्टींपासूनही रोखलंय. त्यामुळे "अल्कोहोल नाही" म्हटल्यावर प्रश्न संपत नाही, फक्त सुरू होतो.

असे प्रश्न आपल्या इतिहासात आधीही आले. खुद्द कॉफी घ्या. येमेनचे सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जागता यावं म्हणून ती पीत. 1511 मध्ये मक्केत खैर बेग या अधिकाऱ्यानं ती नशा ठरवून बंद केली, पुढे कैरोहून ती बंदी सैल झाली. लोकांनी नीट तपासलं, कॉफीनं अक्कल जात नाही, उलट जागी होते. येमेनच्याच कातच्या पानावर मात्र शेकडो वर्षं वाद चालू आहे, येमेनमध्ये तो उघड चघळतात आणि शेजारच्या सौदीत त्यावर बंदी आहे. आणि आपलं जायफळ! शाफई उलमांमध्ये इब्न हजर हैतमी यांनी ते नशेत मोजलं, तर रमली यांनी थोड्या प्रमाणाला परवानगी दिली. कोकणातले आपले शाफई भाऊ ईदच्या शीरखुर्म्यात जायफळ किसतात तेव्हा या चर्चेच्या एका बाजूला उभे असतात, त्यांना माहीत असो वा नसो.

काव्याबाबतही असेच दोन विचार होऊ शकतात. एक म्हणजे जास्त घेतल्यावर झोकांडी जाते, तेव्हा थोडाही नको. दुसरा असा की ही दारूसारखी मस्ती नव्हे, गुंगी आहे, आणि गुंगी आणणाऱ्या वनस्पतींचा नियम प्रमाण आणि गरज बघून लावतात. कोणता लागू, ते आपल्या मसलकच्या आलिमला विचारावं. फक्त विचारताना पूर्ण सांगावं. "एक हर्बल पेय आहे" एवढंच विचारलं तर उत्तरही तेवढंच मिळेल. काय आहे, कशात काढलंय, किती घेतात, घेतल्यावर फजरला उठवतं की नाही, हे सगळं सांगावं लागतं.

आणि जिथे लिव्हरचा आजार आहे, घरात कुणी झोपेच्या किंवा नैराश्याच्या गोळ्यांवर आहे, किंवा बाई गरोदर आहे, बाळाला पाजते आहे, तिथे फिकहच्या आधी डॉक्टरच नाही म्हणतील.

भाच्याला मी एवढं सगळं लिहिलं नाही. फोन केला. आधी विचारलं, बेटा, झोप का येत नाही? तो बराच वेळ बोलला. प्रोफेसर, भाडं, एकटेपणा. अम्मींनी फोन घेतला आणि त्यांचं त्यांचं सांगितलं, त्यात बडीशेपचं पाणी होतं आणि दोन दुआ होत्या. शेवटी मी म्हणालो, त्या दुकानात नक्की काय विकतात ते तरी बघू, मेनूचा फोटो पाठव.

दुसऱ्या दिवशी फोटो आला. कावा चौथ्या ओळीत होता. वरच्या तिन्ही ओळींत क्रॅटम.